दिंडोरीची शिराझ

भिवंडीच्या धामणकर नाका परिसरात हवा दमट असते आणि रात्रीही उकाडा फारसा उतरत नाही. मात्र शहराजवळून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाट चढून सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर पोहोचतो, आणि तेथील हिवाळ्यातील कोरडी हवा व गार रात्री यांमुळेच नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात शिराझ या काळ्या द्राक्षाची भरदार रेड वाइन तयार होऊ शकते. दिवसाच्या उन्हात मण्यांत साखर भरते, जिचे आंबवणीत मद्यार्क होते, तर रात्रीच्या गारव्यात चवीला धार देणारे आम्ल टिकून राहते.

येथील माती बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा खडक, झिजून तयार झालेली असून, मुरमाड उतारावर पाणी साचत नसल्याने वेलीची वाढ आवरती राहते व मणी लहान धरतात; लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते, आणि गडद रंग व टॅनिन, म्हणजे जिभेला तुरटपणा देणारे द्रव्य, सालीतूनच येते.

तथापि सारे श्रेय निसर्गाला देणे अन्यायाचे ठरेल. युरोपात द्राक्षाचे पीक सप्टेंबरच्या सुमारास उतरते. नाशिकचा शेतकरी मात्र एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करतो आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून त्यांवर फळ धरतो, म्हणून मणी त्या कोरड्या, गार हिवाळ्यात पिकतात व तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला आज भौगोलिक मानांकन आहे.