गोधडीच्या आधीचं गाठोडं

गोधडीचं कौतुक हल्ली पुष्कळ होतं. प्रदर्शनात ती भिंतीवर टांगली जाते, शहरातल्या दुकानांत तिला चांगला भाव येतो, परदेशी राहणारी लेक जाताना बॅगेत आवर्जून तीच मागून नेते. पण ती ज्या गाठोड्यातून निघते, त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फडताळात, माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेलं, जुन्या धोतराच्या चार टोकांची गाठ मारलेलं जुनेराचं ते गाठोडं. गोधडीबद्दलचे निम्मे निर्णय सुईत दोरा ओवण्याआधी तिथेच होतात. काय ठेवायचं, काय देऊन टाकायचं, कुठला तुकडा वर दिसू द्यायचा आणि कुठला पोटात घालायचा, हे सगळं बायका त्या गाठोड्यापाशी बसून ठरवत आल्या. टाके घालायला थोड्या सरावाने कुणालाही येतं. गाठोडं भरणं आणि वेळच्या वेळी रिकामं करणं ही मात्र वेगळी विद्या आहे, आणि आज कापडाने कपाटं ओसंडून वाहत असताना तीच आपल्याला जास्त उपयोगी पडेल.

लुगड्याचा लांबचा प्रवास

सुती लुगडं थेट गाठोड्यात कधीच जात नसे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड. नेसून नेसून त्याचा मधला, बसण्याउठण्याचा भाग आधी विरतो. तेवढाच कापून काढायचा आणि उरलेली दोन टोकं जोडून घ्यायची, याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं घरात आणि शेतात पुढे बरेच दिवस चाले. तेही नेसण्याजोगं राहिलं नाही, की त्याची धडपी होत, पोरींचे परकर होत, बाळुती आणि दुपटी होत. घरात नवं बाळ आलं की त्याच्या अंगाला पहिल्यांदा जुनंच कापड लावायची रीत आहे. शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या त्या कापडाची सर कोऱ्या कापडाला येत नाही.

या वाटेवर एक फाटा होता, तो बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात आली, की जुन्या कपड्यांची खरी वाटणी सुरू होई. बोहारणीला कपडे पुढे विकायचे असतात, म्हणून तिला धड, न फाटलेले, काठापदराचे, टेरिकॉटचे कपडे हवे असतात. गोधडीला नेमकं उलट लागतं: सुती, विरलेलं, रंग गेलेलं. त्यामुळे एका स्टीलच्या पातेल्यावरून घासाघीस चालू असतानाच घरातली बाई मनातल्या मनात दोन ढीग लावत असे. एक दाराबाहेर जाणारा आणि एक घरात राहणारा. गाठोड्याची पहिली शिस्त हीच आहे. सगळंच ठेवायचं नसतं. ज्याची पुढची जागा ठरली आहे तेच आत येतं.

आधी जीव, मग रंग

उन्हाळा हा गोधडीचा हंगाम. शेतीची कामं आवरलेली असतात, धुतलेलं कापड दुपारपर्यंत कडकडीत वाळतं आणि पावसाळ्याआधी पांघरुणं तयार हवी असतात. गाठोडं सोडलं की पहिलं काम उसवण्याचं. झंपरचे हूक काढायचे, शर्टाची बटणं कापून डब्यात टाकायची, लेंग्याची नाडी ओढून घ्यायची, जाड शिवणी आणि दुमडलेल्या पट्ट्या कातरून वेगळ्या करायच्या. या पट्ट्या राहिल्या तर सुई तिथे अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीला त्या टोचतात.

मग निवड. सराईत बाई कापड हातात घेते, उजेडासमोर धरते आणि दोन्ही अंगठ्यांनी आडवं ताणून बघते. वीण उजेडात सारखी दिसली आणि ताण देऊन कापड टिकलं, तर ते वरच्या थराचं. उजेड जागोजागी जास्त दिसला, पण कापड फाटलं नाही, तर ते पोटातलं. ताण देताच चर्रकन आवाज झाला, तर ते पायपुसण्याचं नाहीतर पोतेऱ्याचं. रंग, नक्षी, काठ यांचा विचार त्यानंतर. ही उतरंड फार शहाणपणाची आहे. रंग बघून कापड निवडलं आणि त्यात जीव नसला, तर गोधडीत सगळ्यात आधी फाटतो तो सगळ्यात सुंदर तुकडा.

दुसरी पारख वजनाची. मलमलीच्या शेजारी जीनचं कापड जोडलं, तर धुताना जाड कापड पाणी पिऊन जड होतं आणि मलमल शिवणीपाशी फाटते. म्हणून जाडीला जाडी लावायची. पायजम्याच्या पायांचं कापड चादरीच्या तुकड्यांबरोबर, धोतर लुगड्याबरोबर.

थरांचा हिशोब

गोधडी कागदावर आखली जात नाही, पण तिच्यामागे पक्कं गणित असतं. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर नऊवारीचे चार सारखे भाग पावणेसात फुटांचे होतात. दोन भाग शेजारी शेजारी जोडले की साडेसात फूट बाय पावणेसात फुटांचा एक मोठा पडदा तयार होतो. असे दोन पडदे एका लुगड्यातून निघतात: एक वरचा, एक खालचा. म्हणजे एका चांगल्या लुगड्यात दोघांच्या पांघरुणाच्या दोन्ही बाजू झाकल्या जातात. पोटात चार थर घालायचे तर आणखी दोन लुगड्यांचं कापड लागतं. विरलेला भाग कापून टाकावा लागत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा चार-पाच लुगड्यांवर जातो.

सगळ्यात शहाणपण आहे ते पोटात. वरचा तुकडा जोडायचा तर त्याच्या कडा दुमडाव्या लागतात, त्याला नेमका आकार लागतो. पोटातल्या तुकड्याला यातलं काहीच लागत नाही. शर्टाची बाही, झंपराची पाठ, धोतराचा उभा पट्टा, उशीचा फाटका अभ्रा, असतील तसे कडेला कड लावून पसरायचे, जिथे पोकळी दिसेल तिथे चिंधी सारायची आणि वरचा पडदा अंथरायचा. धावदोऱ्याच्या बोटभर अंतरावरच्या रांगा सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. गाठोड्यातलं जे कापड कुठेच बसत नाही, त्याला इथे जागा मिळते.

जुनी गोधडी फाटली, तरी ती टाकत नाहीत. तिचा वरचा पडदा काढतात, उरलेला जाड थर धुऊन वाळवतात आणि नव्या गोधडीच्या पोटात तसाच घालतात. म्हणून एखादी थोराड गोधडी कोपऱ्यात उसवली, तर फुलाफुलांच्या वॉइलखाली चौकडीचं लुगडं, त्याखाली आजोबांचं धोतर आणि त्याहीखाली कुणालाच न आठवणारं एखादं लाल कापड लागतं. घराच्या दोन-तीन पिढ्यांचं नेसणं तिथे एकावर एक निजलेलं असतं.

सीमेपलीकडेही हीच विद्या वेगळ्या वळणाने नांदते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या आणि पोर्तुगीज गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात आलेल्या गुलामांचे वंशज त्यांच्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. एक जुनी साडी तळाला पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे टाचत आतल्या बाजूला सरकायचं आणि शेवटी मध्यावर पोहोचायचं. कोपऱ्यांवर घड्या घातलेली कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांच्या मते ती पुरी होत नाही. तिथेही नवं कापड विकत आणून कुणी सुरुवात करत नाही. घरात साठलेलं जुनेरच रंग ठरवतं.

ठेवणीतलं कापड

गाठोडं वर्षभर टिकवायचं तर कसर, उंदीर आणि ओल या तिघांना दूर ठेवावं लागतं. कसरीला खळ आवडते. म्हणून खळ घातलेलं कापड तसंच बांधून ठेवू नये, धुऊन खळ काढावी आणि पूर्ण वाळल्यावरच घडी घालावी. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी मध्ये ठेवण्याची पद्धत आजही चांगली चालते. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, सुती फडक्यात कापड श्वास घेतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड घडीवरच विरतं, त्यामुळे अधूनमधून घड्या बदलाव्यात. गाठोड्याला उन्हाळ्यात ऊन दाखवण्याच्या निमित्ताने हे आपोआप होत असे.

जुनेराचा आणखी एक मोठा गुण: त्याला आटायचं तेवढं ते आटलेलं असतं आणि सोडायचा तेवढा रंग त्याने सोडलेला असतो. नवं सुती कापड वापरायचं असेल, तर आधी पाण्यात भिजवून वाळवलंच पाहिजे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं, शेजारच्या तुकड्याला ओढतं आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.

कापड बदललं, गाठोडं फुगलं

टेरिकॉट, नायलॉन आणि पॉलिएस्टर घरात आले आणि गाठोड्याचं गणित बिघडलं. कोरडा सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के शोषून ठेवतो, पॉलिएस्टरचा अर्धा टक्काही नाही. अंगावर घेतल्यावर एक उबदार वाटतं आणि दुसऱ्यात घाम येतो, याचं कारण हे आहे. शिवाय सिंथेटिक साडी टाक्याखाली निसटते, थर सरकतात आणि ती विरत नाही म्हणून पोटात जाण्याइतकी मऊही होत नाही. अशा साड्यांची वाट वेगळी काढावी. त्यांच्या पट्ट्या कापून तीनपदरी वेणी घालावी आणि ती गोल फिरवत शिवून दारातलं पायपुसणं करावं, किंवा भाजीच्या पिशव्या शिवाव्यात. पाण्याने लवकर न कुजणं हा त्यांचा गुण तिथे कामी येतो.

दरम्यान बाजारात स्वस्त ब्लँकेटं आली, नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, माणसं दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. गोधडी शिवायला जे अंगण आणि जी ओसरी लागे तीच उरली नाही. कपडे मात्र कितीतरी जास्त येऊ लागले. घरात येणाऱ्या कापडाचा वेग वाढला आणि बाहेर जाणाऱ्या कापडाचे मार्ग बुजले. गाठोड्याचं कपाट झालं ते असं.

आज हौसेने क्विल्ट शिवणाऱ्या बायका पुण्या-मुंबईत आणि परदेशी मराठी घरांतही आहेत. गीता खंडेलवाल यांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तकच लिहिलं. या हौशी मंडळींकडे जुनेराबरोबर विकत घेतलेलं नवं कापडही असतं: इकत, कलमकारी, खण, ब्लॉकप्रिंट. दुकानात आवडलं म्हणून अर्धा मीटर घेतलेलं, कशासाठी ते न ठरवलेलं. त्यांचीच कपाटं सगळ्यात आधी भरतात आणि सगळ्यात उशिरा रिकामी होतात.

त्यांना गाठोड्याच्या रीती जशाच्या तशा लागू पडतात. पहिली वाटणी रंगांची करू नये, जातीची करावी: सुती, रेशमी, सिंथेटिक. दुसरी जाडीची. तिसरी आकाराची: मीटरभराहून मोठं ते घडीत, हातभर लांबीचं ते पट्ट्यांत, तळहाताएवढं ते चौकोनांत, त्याहून लहान ते थेट पोटाच्या पिशवीत. रंग शेवटी लावावेत. चौकोन कापायचे, तर एकच माप ठरवून घ्यावं आणि कुठलंही काम संपलं की उरलेलं कापड त्याच दिवशी त्या मापात कापून ठेवावं. पाच फूट बाय सहा फुटांच्या पांघरुणाला चार इंची २७० चौकोन लागतात, सहा इंची १२०. चौकोन लहान केला की कापड शिवणीत जातं, हेही लक्षात ठेवावं. पाव इंच शिवण धरली, तर चार इंची चौकोनाला दिसतं त्याच्या सव्वापट कापड लागतं आणि दोन इंचीला दीडपटीहून जास्त. ज्याला कपाट रिकामं करायचं आहे त्याला लहान चौकोन सोयीचे. ज्याच्याजवळ मोजकंच कापड आहे त्याने मोठे तुकडे घ्यावेत.

पण मापं, डबे आणि पिशव्या यांनी साठा फक्त नीट राहतो, तो संपत नाही. जुन्या घरांत गाठोडं का संपत असे, याचं उत्तर शिवणकामाच्या बाहेर आहे. तिथे गाठोडं सोडण्याआधी नाव ठरलेलं असे. पहिलटकरीण लेक माहेरी येणार आहे, तिला दुपटी हवीत. धाकटा शिकायला वसतिगृहात चालला आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरतात, त्यांना जाड अंथरूण पाहिजे. नाव ठरलं की आकार ठरतो, आकार ठरला की थर ठरतात आणि थर ठरले की जपून ठेवलेला तुकडा कापताना हात अडत नाही. “हे कापड फार सुंदर आहे, कशात तरी वापरू,” असं म्हणत ठेवलेलं कापड वर्षानुवर्षं तसंच राहतं. “हे आत्याच्या गोधडीच्या मध्यावर,” असं म्हटलेलं कापड आठवड्याभरात शिवलं जातं.

म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कपाट उघडण्याआधी नवं कापड, नवा नमुना किंवा नवं यंत्र शोधू नये. घरात, नात्यात, शेजारात थंडी कुणाला वाजते ते आठवावं. त्याचं नाव आधी ठरवावं, मग गाठ सोडावी.