काळीत उतरलेली पांढर

भोकरदनला केळणा नदीच्या काठी जुनी पांढर आहे. शिवाराची ती काळी आणि वस्तीची ती पांढर, हा फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या संशोधकांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा थराखालच्या थरातून सातवाहनकाळातलं भोगवर्धन वर आलं. त्यात हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा होता. तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती.

उत्खननाचा सगळा हिशेब थरांवर चालतो. वरचा थर नवा, खालचा जुना. पण घुशीनं बीळ केलं किंवा कुणी धान्याचं पेव खणलं, की वरची माती खाली उतरते आणि थर मोडतो. जाणता संशोधक चराच्या भिंतीकडे बघूनच ते ओळखतो.

बाईच्या गर्भपिशवीलाही थर असतात. सर्वांत आत मऊ अस्तर, जे दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून पडतं. त्याबाहेर स्नायूची जाड भिंत. काहींच्या पिशवीत हे अस्तर आपली हद्द ओलांडून स्नायूत शिरतं आणि तिथेच बेटं करून राहतं. स्नायू त्याभोवती सुजतो, जाड होतो. पाळीत असह्य कळा येतात, अंगावरून खूप जातं. काहींना मात्र कसलाच त्रास जाणवत नाही. या आजाराचं नाव अ‍ॅडिनोमायोसिस. काळीत पांढर उतरावी, तसा.

कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी 1860 मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं, असं मानतात. पुढची शंभराहून जास्त वर्षं त्याचं पक्कं निदान एकाच रीतीनं होई: पिशवी काढायची, तिचे काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. म्हणजे आजार कळेपर्यंत पिशवीच उरत नसे. यातून एक मोठी गफलत झाली. पिशवी काढली जाई ती बहुतेक चाळिशीतल्या, मुलंबाळं झालेल्या बायकांची. म्हणून हा आजार त्यांचाच, असं पुस्तकांत पक्कं बसलं. मूल हवं असलेल्या पंचविशीतल्या मुलीच्या पिशवीत कोण कशाला बघणार?

बघितलं ते आवाजानं. ग्लासगोचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी धातूतले दोष शोधणारं आवाजाचं यंत्र माणसाच्या पोटावर लावून पाहिलं आणि 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले निष्कर्ष छापले. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपुढचं ऐकू येत नाही. योनिमार्गातून, म्हणजे आतून केलेल्या सोनोग्राफीत प्रोबमधून निघणारी कंपनं सेकंदाला साधारण पन्नास ते नव्वद लाख असतात. हा आवाज शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगानं धावतो. पाच सेंटिमीटर आत जाऊन त्याचा पडसाद परत यायला सेकंदाचा पंधरा हजारावा भागही पुरतो. अशा असंख्य पडसादांतून पडद्यावर चित्र उमटतं, तेही एक थेंब रक्त न सांडता.

आणि या चित्रात थर दिसतात! कंपनं जितकी जास्त, तितकी लाट आखूड. इथे तिची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असते, म्हणून स्नायूतले अगदी बारीक फोडही नजरेस पडतात. पाण्यातून पडसाद येत नाही, म्हणून ते फोड काळे दिसतात. स्नायूत घुसलेल्या अस्तराची बेटं पांढरी दिसतात. अस्तराच्या कडेवरून आत घुसणाऱ्या रेघा आणि कोंभही दिसतात. या झाल्या थेट खुणा. बाकीच्या खुणा आडून बोलतात. उलट्या धरलेल्या पेरूसारखी असणारी पिशवी जालन्याच्या मोसंबीसारखी गोल होते. एक भिंत दुसरीपेक्षा जाड होते. फटींच्या छपरातून ऊन यावं तशा उजेड-सावलीच्या पट्ट्या पसरतात. साध्या गाठीपासून हा आजार वेगळा काढायला रक्तवाहिन्या मदत करतात. गाठीला त्या वळसा घालतात, नदी टेकडीला घालते तसा. इथे मात्र त्या थेट आतून वाहतात. कोणत्या खुणेला काय म्हणावं, हे तज्ज्ञांच्या ‘मुसा’ या गटानं 2015 मध्ये ठरवलं आणि 2022 मध्ये त्यात सुधारणा केली.

मूल होण्याशी याचा संबंध काय? अस्तराला लागून असलेला स्नायूचा पातळ पट्टा शांत बसलेला नसतो. त्यात सतत बारीक लाटा उठतात. बीज सुटण्याच्या सुमारास त्या खालून वर जातात आणि शुक्रजंतूंना वाट दाखवतात. पाळीत त्यांची दिशा उलटते. सोनोग्राफीचं चित्रण वेगानं फिरवलं की या लाटा डोळ्यांना दिसतात. अ‍ॅडिनोमायोसिस नेमका हाच पट्टा बिघडवतो.

मग गर्भच शरीराबाहेर तयार केला तर? 6 ऑगस्ट 1986 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. तेव्हापासून गर्भ बाहेर तयार करण्याची विद्या, म्हणजे आयव्हीएफ, महाराष्ट्रात पुष्कळ पुढे गेली. पण तयार गर्भाला शेवटी याच पिशवीच्या अस्तरात रुजायचं असतं. हा आजार असलेल्या स्त्रियांत आयव्हीएफनंतर दिवस राहण्याचं प्रमाण कमी आणि गर्भपाताचं जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तरी यात हताश होण्यासारखं नाही. अनेकींना दिवस राहतात. आजार आधी कळला, तर काही डॉक्टर गर्भ गोठवून ठेवतात, काही महिने इंजेक्शनं देऊन पिशवी शांत करतात आणि मग गर्भ आत सोडतात. कुणाला याचा किती फायदा होतो, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण उपाय निवडायला पिशवी जागेवर असावी लागते आणि आजाराचं नाव ठाऊक असावं लागतं.

याच सोनोग्राफीच्या यंत्रानं आपल्याकडे मुलींचे गर्भ शोधून मारलेही गेले. गर्भातल्या मुलींना शोधून मारण्याविरुद्ध 1988 मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्राला कायदा करावा लागला. तेच यंत्र आता लेकीसुनांचं न सांगितलेलं दुखणं दाखवू शकतं, याचं मला फार मोल वाटतं.

आपल्या बायका वर्षानुवर्षं ऐकत आल्या आहेत: ‘पिशवीला सूज आहे’, ‘पाळीत दुखतंच’, ‘पिशवी काढून टाका’. पुढच्या वेळी असं कुणी म्हणालं, तर बाई, शांतपणे विचारा: सूज कशाची? गाठीची, की भिंतीत उतरलेल्या अस्तराची? रिपोर्टमध्ये तसं लिहिलं आहे का? मूल हवं असेल तर ते आधीच सांगा, आणि पाळीत किती दुखतं, किती जातं, तेही लपवू नका. शंका राहिली तर हे चित्र वाचणाऱ्या दुसऱ्या जाणकाराला दाखवा. काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. सोनोग्राफी मात्र पुन्हा करता येते.