शेवटची घडी आधी

फ्रान्सच्या रानात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला बोलते करण्यासाठी डॉक्टर इतार सुमारे पाच वर्षे खपले. बोलणे जवळजवळ आलेच नाही. १८०६च्या त्यांच्या अहवालातली मला मोलाची वाटते ती नोंद वेगळीच आहे. जेवणाची पाने मांडणे हे व्हिक्टरचे काम होते. त्याला सांभाळणाऱ्या मादाम गेरँ यांचे पती वारले, तरी त्याने सवयीने त्यांचे पान मांडले. बाईंचा शोक पाहून ते उचलले आणि पुन्हा कधी मांडले नाही. ज्याला भाषा आली नाही, त्याला घरात जागा मिळाली होती ती या कामामुळे.

‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ असे पालक मला विचारतात, तेव्हा मी कामापासूनच सुरुवात करतो. विशेष शिक्षणात काम बारीक पायऱ्यांत फोडतात आणि पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून शिकवतात. टॉवेलच्या आधीच्या घड्या आपण घालायच्या, शेवटची मुलाने. ती जमली की शेवटच्या दोन. पहिल्या पायरीपासून शिकवले तर आरंभ मुलाचा आणि शेवट मोठ्यांचा होतो. इथे रोज काम त्याच्याच हातून पुरे होते.

हाताला दिलेला आधार मनगटावर, मग कोपरावर, मग नुसत्या खुणेवर आणायचा. नाहीतर मूल आधाराची वाट पाहायलाच शिकते. ‘मी केले तर दोन मिनिटांत होते,’ असे आया म्हणतात. होतेच! पण वाकडी घडी मागाहून गुपचूप सरळ करू नये. मूल बघत असते.