रजिस्टर आता स्पीड पोस्टात

ऊस नोंदीची तक्रार असो की वारसनोंदीचा अर्ज, "रजिस्टरने टाका" असेच आम्ही सांगत आलो. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा खिडकीवर "स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह" असे स्पष्ट सांगावे. नुसते स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर दिले जाते; रजिस्ट्रेशन असले की ज्याच्या नावे पाकीट, त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्याच हाती पडते. 1 ऑक्टोबर 2025 च्या दरपत्रकात 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक 19 रुपये, बाहेरगावी अंतर कितीही असो 47 रुपये. रजिस्ट्रेशनचे 5 रुपये आणि जीएसटी वेगळा. चार-पाच कागद एवढ्या वजनात आरामात बसतात. मूळ कागद घरीच ठेवून झेरॉक्स जोडावी. पावती मात्र जपावी. मुदतीत पाठवल्याचा पुरावा तीच.