चिलखती युद्धेतिहासग्रंथांची विश्वसनीयता

चिलखती युद्धेतिहासग्रंथांची विश्वसनीयता : रणगाडे व अन्य चिलखती वाहने यांच्या लढायांविषयीचे जुने ग्रंथ कितपत ग्राह्य मानावेत, हे ठरविण्याची चिकित्सा. अशा ग्रंथांवरून सैनिकी विद्यालयांत डावपेच शिकविले जातात. त्यामुळे त्यांतील चुकीची किंमत पुढील रणांगणावर मोजावी लागण्याचा धोका असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या पिढीतील बरेच ग्रंथ सेनानींच्या आठवणींवर आधारलेले होते. पराभवाचे खापर हिटलरवर फोडून स्वतःची दूरदृष्टी ठसविण्याकडे जर्मन सेनानींचा कल होता. गुडेरियन यांच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी आवृत्तीत (१९५२) ब्रिटिश विचारवंत लिडल हार्ट यांचे ऋण मान्य करणारा परिच्छेद आढळतो. मूळ जर्मन आवृत्तीत तो नाही. लिडल हार्ट यांनीच तशी सूचना केली होती, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून उघड झाले. ग्रंथाच्या आवृत्त्या ताडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हानीचे आकडे हे दुसरे कसोटीस्थान होय. प्रोखोरोव्हका येथे १२ जुलै १९४३ रोजी साडेतीनशेहून अधिक जर्मन रणगाडे नष्ट झाल्याचे सोव्हिएट वृत्तांत सांगत. तथापि तेथील जर्मन एस. एस. कोअरपाशी लढाईपूर्वी रणगाडे व स्वयंचलित तोफा मिळून तीनशेहून कमी वाहने कार्यक्षम होती, असे तिच्याच दैनंदिन अहवालांवरून दिसते. तिची कायमची हानी अत्यल्प होती. सोव्हिएट हानी मात्र फार मोठी होती. अर्थात जर्मन आकडेही जपून वापरावे लागतात. कारण दुरुस्तीयोग्य रणगाडे कायमच्या हानीत धरले जात नसत. रणभूमी ज्याच्या ताब्यात राही, त्याला निकामी रणगाडे ओढून नेता येत. म्हणून तात्पुरती व कायमची हानी वेगळी मोजणे अगत्याचे असते.

ग्रंथाचे प्रकाशनवर्षही महत्त्वाचे असते. जर्मन सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ‘अल्ट्रा’ यंत्रणेची माहिती १९७४ मध्ये सर्वज्ञात झाली. तत्पूर्वीच्या उत्तर आफ्रिकेतील मोहिमांच्या वर्णनांत रोमेलच्या रसद-टंचाईमागील हे एक कारण येऊच शकले नाही. सोव्हिएट दफ्तरखानेही मुख्यतः १९९० नंतरच अभ्यासकांना अंशतः खुले झाले.

यावरून जुने ग्रंथ टाकाऊ ठरत नाहीत. रणगाड्यातील उष्णता, धूळ, तुटलेला संपर्क व सेनापतीची द्विधा मनःस्थिती यांचे ज्ञान प्रत्यक्षदर्शीच्या लेखनातूनच मिळते. मात्र प्रतिपक्षाची हानी व स्वतःचे श्रेय यांविषयी लेखक जे सांगतो, ते उभय पक्षांच्या समकालीन नोंदींशी पडताळल्यावाचून स्वीकारू नये.