कुंभकोणम ते सिंगापूर : अंतर आणि काळ

त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी भूषविणारे राजा सर टी. माधवराव १८२८ साली ज्या नगरीत एका मराठी घराण्यात जन्मले, त्या कावेरीकाठच्या कुंभकोणमला आजही स्वतःचा विमानतळ नाही. सिंगापूरला निघालेल्या तेथील रहिवाशास प्रथम तंजावरवरून सुमारे ९० किलोमीटरची वाट तुडवून तिरुचिरापल्ली गाठावी लागते, आणि तेव्हाच त्याचा आकाशमार्ग सुरू होतो.

तिरुचिरापल्ली ते सिंगापूर हे हवाई अंतर सुमारे २,९८० किलोमीटर आहे. ही दोन स्थाने आणि पृथ्वीचे केंद्र यांतून जाणाऱ्या प्रतलाने भूपृष्ठावर जे बृहद्वृत्त उमटते, त्याचा या दोन स्थानांमधील लहान कंस म्हणजेच त्यांच्यातील सर्वांत जवळचा मार्ग होय. मात्र या गणनेत पृथ्वी संपूर्ण गोल मानलेली असते. वस्तुतः तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर असल्यामुळे तिची रेखावृत्ते किंचित चपटी, म्हणजे लंबवर्तुळाकार ठरतात. लंबवर्तुळाच्या परिघाचे अचूक मूल्य देणारे साधे सूत्र गणितात नाही. परंतु त्या मूल्याच्या विलक्षण निकट जाणारी सूत्रे १९१४ साली ज्यांनी प्रसिद्ध केली, ते श्रीनिवास रामानुजन याच कुंभकोणमात लहानाचे मोठे झाले, ही गोष्ट या गावास अभिमानास्पद आहे.

काळाचा हिशेब इतका स्थिर नाही. ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर साडेतीन तासांत कापता येईल. परंतु धावपट्टीपर्यंतची चाल, आरोहण, अवतरण आणि उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा जमेस धरता प्रवास चार तासांच्या घरात जातो. त्यातच पावसाळ्यात दक्षिण भारतावर अतिउंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे प्रबळ वारे वाहतात, हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी ज्यांचा मूलगामी अभ्यास केला, ते हे वारे परतीच्या विमानास साह्य करतात आणि जाणाऱ्या विमानास अडवितात.

घड्याळ आणखी निराळी साक्ष देते. सूर्याच्या हिशेबाने कुंभकोणम आणि सिंगापूर यांच्यात सुमारे १०० मिनिटांचीच तफावत आहे. परंतु सिंगापूरने १९८२ पासून आपल्या रेखांशाच्या बरीच पूर्वेकडील वेळ स्वीकारल्यामुळे तेथील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास चालते. म्हणून चार तासांचा तोच प्रवास जाताना घड्याळात साडेसहा तासांचा, आणि येताना दीड तासाचा दिसतो.

या साऱ्यात मोटारीचे दोन-अडीच तास, विमानतळावर आधी पोहोचण्याचे दोन-तीन तास, आणि उतरल्यावरची पारपत्राची तपासणी व सामानाची वाट मिळविली, की उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा काळ सहज दहा तासांचा होतो. म्हणजे त्याचा अर्ध्याहून अधिक भाग जमिनीवरच खर्ची पडतो. तेव्हा वृद्ध आईवडिलांस मुलांकडे धाडणाऱ्या कुटुंबाने तिकिटावरील चार तासांवर विसंबून न राहता या संपूर्ण काळाची तजवीज करावी, आणि लहान नगरांच्या सोयीचा विचार करणाऱ्या कारभाऱ्यांनी विमानाच्या वेगाइतकेच त्या ९० किलोमीटरांच्या रस्त्याकडे लक्ष पुरवावे.