काशाच्या खडकावर आळ

रेवस-मांडव्याकडच्या कुणाही वयस्कर माणसाला विचारा, 'रामदास' बोट कशी बुडाली? उत्तर ठरलेले असते. "काशाच्या खडकावर फुटली." आमच्या आजीचेही उत्तर हेच होते, आणि ते देताना तिचा हात नकळत समुद्राच्या दिशेने उठायचा, जणू खडक अजून तिथे दबा धरून बसला आहे. खडक आहे खराच. मुंबई बंदराच्या तोंडाशी, रेवसच्या वाटेवर. पण त्याच्यावरचा हा आळ खोटा आहे. 'रामदास' खडकावर आपटली नाही. ती खडकाजवळ, खोल पाण्यात, धडधाकट तळ घेऊन कलंडली.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्य चार आठवड्यांवर आलेले. आषाढी अमावास्या तोंडावर, म्हणजे गटारी. श्रावण लागला की महिनाभर मासळी-मटण बंद, म्हणून त्याआधी गावी पोचून घरच्यांसोबत एक दिवस मजेत घालवायचा हा गिरणगावातल्या माणसांचा शिरस्ता. त्यामुळे सकाळी आठच्या बोटीला भाऊच्या धक्क्यावर झुंबड उडाली होती. (हा भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. इंग्रजांनी धक्क्याला फेरी व्हार्फ म्हटले, लोकांनी भाऊला सोडले नाही.) रेवस दीड तासाचा पल्ला. पाऊस होता, वारा होता, पण जुलैत ते नसते तरच नवल. अर्ध्या-पाऊण तासात, खडकाच्या आसपास, उजवीकडून मोठी लाट आली. लोक भिजले, घाबरले, डावीकडे धावले. बोट त्या बाजूला झुकली. पुढच्या लाटेने उरलेले काम केले. सहाशेहून अधिक माणसे गेली. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर शांततेच्या काळात झालेल्या सर्वांत मोठ्या जलसमाधींपैकी ही एक.

कोकणचा बोट वाहतुकीचा रिवाज असा होता की पावसाळ्यात खुल्या समुद्रातली सेवा बंद. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे चार महिने मुंबईला दुरावायची. पण रेवस, धरमतर, उरण या फेऱ्या चालू राहत, कारण त्या बंदरातल्या बंदरात समजल्या जात. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भाऊचा धक्का मुंबईच्या पूर्व अंगाला, रेवस समोरच्या किनाऱ्यावर दक्षिणेला. तिकडे जाताना बंदराचे तोंड ओलांडावे लागते आणि तेवढा टप्पा उजवी कूस उघडी पडते. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, लाटा नैऋत्येच्या, त्यात अमावास्येचे उधाण. कागदावर ही बंदरातली फेरी होती. त्या पट्ट्यात मात्र तो अरबी समुद्रच होता.

बोट म्हणाल तर मोडकीतोडकी नव्हती. १९३६ साली इंग्लंडात टाइन नदीकाठच्या स्वान हंटर या नामांकित गोदीत बांधलेली. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, दोन मजली. मालक स्वदेशी कंपनी. तिचे इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. साहेबाच्या बोटींशी स्पर्धा करणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटी, आणि त्यांना नावे संतांची. 'तुकाराम', 'रामदास'. वारकऱ्याने डोळे मिटून बसावे अशी.

मग चांगली बोट अर्ध्या मिनिटात आडवी कशी होते?

विहिरीत रिकामी कळशी सोडून पाहा. ती उभी राहत नाही, आडवी होऊन डुचमळते. तळाशी थोडे पाणी गेले की मात्र सरळ होते आणि बोटाने ढकलली तरी पुन्हा उभी राहते. वजन खाली असले की तरंगणारी वस्तू स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. जुने खलाशी रिकाम्या गलबताच्या तळाला दगड भरत, त्याला नीरम म्हणतात, ते याचसाठी. बोट कलली की पाण्यात बुडालेल्या बाजूचा फुगवटा तिला वर ढकलतो, बोटीचे वजन दुसऱ्या अंगाने खाली ओढते आणि या रेटारेटीतून ती सरळ होते. पण वजनाचा मध्य जितका वर चढेल तितकी ही सरळ होण्याची ओढ कमी. एका मर्यादेपलीकडे ओढ उलटते आणि तीच रेटारेटी बोटीला आडवे करू लागते. त्या क्षणानंतर कप्तानाच्या हातात काही उरत नाही.

मालाची बोट आणि माणसांची बोट यांत फरक इथे आहे. भाताची पोती तळात रचून बांधून ठेवता येतात. माणसे वरच्या मजल्यावर, मोकळ्या हवेत बसतात, कारण खाली इंजिनाची धग आणि तेलाचा वास, आणि बोट लागली की ओकाऱ्या. चारशे माणसे म्हणजे सरासरीने वीस-बावीस टन. एवढे वजन उंचावर असते आणि एका किंकाळीसरशी एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते. एकोणतीस फुटांच्या रुंदीत. लोखंडी माल असा सुटला असता तर आपण त्याला माल भरणाऱ्यांचा निष्काळजीपणा म्हटले असते. माणसांच्या बाबतीत आपण म्हणतो, खडक आडवा आला.

हे शास्त्र १९४७ साली नवे नव्हते. स्टॉकहोममध्ये १६२८ साली 'वासा' नावाची राजाची युद्धनौका तयार झाली. दोन मजले तोफा, चौसष्ट नग, कोरीव पुतळ्यांनी मढवलेली. निघण्याआधी तिच्या डेकवर तीस माणसांना या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत धावायला लावले. तीन फेऱ्यांतच ती इतकी हेलकावू लागली की परीक्षा थांबवावी लागली. थांबवली ती परीक्षा, प्रवास नाही. राजाला घाई होती. १० ऑगस्टला 'वासा' निघाली, तेराशे मीटर गेली, वाऱ्याच्या झुळकेने कलली, तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरले आणि सगळे शहर बघत असताना ती तळाला गेली. १९६१ साली तिला वर काढली. आज ती संग्रहालयात उभी आहे, जवळजवळ सगळी शाबूत. तिलाही कुठला खडक लागला नव्हता.

दुसरे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली तेव्हा तिच्यावर साधारण बावीसशे माणसे होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा जेमतेम अकराशे अठ्ठ्याहत्तर जणांची. जगभर ओरड झाली. कायदे झाले, होड्या वाढवा. शिकागोच्या 'ईस्टलँड' या सहलीच्या बोटीवरही होड्या आणि तराफे वाढवले. ते ठेवणार कुठे? वर, डेकवर. बोट मुळातच डुलणारी, त्यात माथ्यावर आणखी भार. २४ जुलै १९१५ रोजी एका कारखान्याचे कामगार बायकामुलांसह सहलीला निघाले. बोट अजून नदीच्या धक्क्याला बांधलेलीच होती. ती तिथेच कलंडली. ८४४ माणसे मेली, काठापासून हातभर अंतरावर. जीव वाचवायला आणलेल्या होड्यांनी तोल बिघडवायला हातभार लावला होता.

पाणी आत शिरले की काय होते हेही सांगायला हवे, कारण 'रामदास'च्या बाबतीत शेवटचा घाव त्याचा असणार. परातीत बोटभर पाणी घेऊन स्वयंपाकघरातून अंगणात जाऊन बघा. हात किंचित कलला की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात आणखी कलते. तेच पाणी तांब्यात असते तर कळलेही नसते. रुंद, मोकळ्या डेकवरचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे वागते. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेल्या 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' या मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीचे पुढचे दार बंद करायचे राहून गेले. गाड्यांच्या मजल्यावर पाणी शिरले आणि दीडेक मिनिटात ती आडवी झाली. १९३ बळी. तिथे खवळलेला समुद्रही नव्हता.

परत रेवसच्या वाटेवर येऊ. बोट बुडाली सकाळी नऊच्या आत. मुंबईला कळले दुपार उलटल्यावर, आणि तेही कसे, तर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत गेटवेजवळ आला तेव्हा. 'रामदास'वर बिनतारी यंत्र नव्हते. 'टायटॅनिक'च्या हाकेला धावून आलेल्या 'कार्पेथिया'ने सातशे माणसे उचलली होती ती केवळ बिनतारी संदेशामुळे, आणि त्या गोष्टीला तेव्हा पस्तीस वर्षे होऊन गेली होती. योगायोग असा की 'कार्पेथिया'ही टाइन नदीकाठच्या त्याच गोदीतली. एकीच्या कानाला यंत्र होते, दुसरीला तोंडच नव्हते. देशातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदराच्या दारात शेकडो माणसे तासन् तास पाण्यात हातपाय मारत होती आणि धक्क्यावरचे अधिकारी बोट रेवसला पोचली असे धरून चालले होते.

मदत आली ती सरकारी नव्हे. पलीकडच्या किनाऱ्यावरचे कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजारात निघाले होते. समोर पाण्यात माणसे दिसली. त्यांनी टोपल्यांतली मासळी समुद्रात ओतली, होड्या रिकाम्या केल्या आणि माणसे भरली. त्या मोसमात, तशा हवेत मिळालेली मासळी म्हणजे काय असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका कृतीची किंमत कळेल. वाचलेल्यांपैकी पुष्कळ जण या होड्यांमुळे वाचले. कुठल्या चौकात त्यांचा पुतळा मी तरी पाहिलेला नाही.

किनाऱ्याला हा पहिला तडाखा नव्हता. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. सातशेहून अधिक माणसे, त्यांत लग्नाची वऱ्हाडे आणि मुंबईला परीक्षेला निघालेली मुले. गुजरातीत तिची लोकगीते झाली. आपल्याकडे ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळाने 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडवल्या. म्हणजे 'रामदास'च्या आधी 'तुकाराम' गेली होती. संतांची नावे दिलेल्या बोटींबद्दल किनाऱ्यावर पुढे काय काय बोलले गेले ते मी इथे लिहीत नाही. शोकात माणूस बोलतो, ते छापायचे नसते.

वादळाने बुडालेल्या बोटींना आपण निदान वादळ म्हणू शकतो. १७ जुलैला वादळ नव्हते, पावसाळ्याची नेहमीची हवा होती. म्हणूनच खडकाची गरज पडली असावी, असे मला वाटते. घरातला कर्ता माणूस गेला, पोरे गेली, आणि कारण काय तर लोक एका बाजूला सरकले? हे कुणाला सांगणार आणि कुणाच्या गळी उतरणार? त्यापेक्षा खडक बरा. तो बोलत नाही, नाकारत नाही आणि ओहोटीला दिसतोही. शिवाय 'लोक धावले म्हणून' असे म्हटले की दोष बुडालेल्यांच्याच माथी जातो, आणि तेही खरे नाही. अंगावर लाट आल्यावर माणूस सरकणारच. ते धरूनच बोटीची रुंदी ठरवायची असते, किती माणसे वर घ्यायची ते ठरवायचे असते, आणि कुठल्या हवेत बोट सोडायचीच नाही हेही.

२०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट नेणारी मोठी रो-रो बोट सुटते. गेटवेवरून जाणाऱ्या कॅटामरान मात्र पावसाळ्यात बंद असतात. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद तळ शेजारी शेजारी ठेवून वर डेक टाकलेला. पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसाला ढकलणे कठीण, तसेच हे. पैलवानाला हे शाळेत न जाताही समजते.

गेल्या डिसेंबरात मांडव्याच्या बोटीत होतो. सीगलचा थवा बोटीमागे लागला. काशाच्या खडकाचे इंग्रजी नाव या पक्ष्यांवरूनच पडले आहे, गल आयलंड. कुणीतरी कुरकुऱ्याचे पाकीट फोडले आणि बघता बघता सगळी बोट डाव्या कठड्याला. फोन वर, पोरे खांद्यांवर, ओरडा. मीही उठलो होतो, खोटे कशाला सांगू. तेवढ्यात खालून एक खलाशी जिना चढून आला. विशी-बाविशीचा, अंगात मळका बनियन. "ओ शेट, ओ ताई, अर्धी मानसं हिकडं बसा. पक्षी काय पलत नाय." लोक हसले. दोन-चार जण खाली बसले. बाकीचे तसेच उभे. तो मग स्वतःच आमच्या रांगेत आला, उजव्या बाजूच्या बाकावर बसला, आणि शेजारची जागा हाताने थोपटून माझ्याकडे बघत राहिला.